हातांवरचे व्रण

सकाळी उठल्यावर तासभर तरी माझी बोटं वळत नाहीत. आमवात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते आणि दोन्ही हात एकदमच धरते. बारा वर्षं मी चर्चच्या उपासनेत कीबोर्ड वाजवला. आता गीतपुस्तक मांडीवर ठेवून बसते.

निदान झालं तेव्हा मंडळीतल्या एकीने फोनवर बायबलमधलं वचन, रोमकरांस 8:28, सांगितलं, देवावर प्रेम करणाऱ्यांसाठी सगळं मिळून कल्याणाचंच होतं म्हणून. वचन खरं आहे, मी ते मानते. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर आठवडाभर मी पवित्र शास्त्र उघडलं नाही. आणखी एकाने विचारलं, काही पाप कबूल करायचं राहिलंय का? जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनीही येशूला हेच विचारलं होतं. ना याने पाप केलं, ना याच्या आईबापांनी, असं उत्तर त्यांना मिळालं. योहानाच्या शुभवर्तमानाचा तो नववा अध्याय मी तेव्हापासून कितीदा वाचला असेल!

पुन्हा शास्त्राकडे आणलं ते स्तोत्र 88 ने. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळतच नाही. मूळ इब्रीत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. तरी ती प्रार्थनाच आहे, आणि ती कुणी शास्त्रातून वगळली नाही. मग मीही देवाशी भांडले, रडले, स्पष्ट बोलले.

येशूचा प्रेषित पौल याने आपल्याला छळणारा 'देहातला काटा' काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, एवढंच उत्तर आलं. तो काटा नेमका काय होता हे पौल सांगत नाही, याचं मला फार बरं वाटतं. माझी बोटंही त्यात मावतात.

आणि थोमा, येशू उठलाय यावर विश्वास न बसलेला शिष्य. पुनरुत्थान झालेला येशू त्याला हात दाखवतो, तर खिळ्यांचे व्रण तिथे तसेच! मरण हरलं तरी व्रण राहिले. माझ्या वाकड्या बोटांकडे बघताना मला ते हात आठवतात.

गेल्या महिन्यात नुकतंच निदान झालेली एक मुलगी भेटायला आली. देवाने मला हा आजार तिच्यासाठी दिला, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायचा मला अधिकार नाही. पण आपल्याला मिळालेल्या सांत्वनाने दुसऱ्याचं सांत्वन करता येतं, असं पौल करिंथकरांना लिहितो, ते त्या दिवशी मला कळलं. तिने विचारलं, "ताई, सकाळी बटणं कशी लावता?" हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. मी तिला माझी कोमट पाण्याची युक्ती सांगितली. मग स्तोत्र 88 वाचलं. ती बराच वेळ गप्प होती.

"पुन्हा वाचाल?" म्हणाली.

मी पहिल्या ओळीपासून सुरू केलं.