आई, पोरं आणि जर्मनीरिटर्न भाऊ : सोलापूरहून गुलमर्गची स्की ट्रिप

आमच्या सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली, नंदीध्वज परत गेले आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घरचे सहा जण गुलमर्गला जाऊन आलो. आल्यापासून गल्लीतले, ऑफिसातले, पाव्हणे सगळे एकच विचारतायत, म्हातारं माणूस आणि लहान पोर घेऊन स्कीइंगला जाता येतं का? येतं. फक्त जागा नीट निवडायला लागते, म्हणून सगळं लिहून काढतोय.

आधी आम्ही कोण कोण ते सांगतो, कारण जागा त्यावरूनच ठरली. धाकटा भाऊ सहा वर्षं जर्मनीत होता, दर हिवाळ्यात आल्प्समध्ये जायचा, त्याला कुठलाही उतार द्या. मी त्याच्याकडं गेलो होतो तेव्हा चार दिवस शिकलेलो, म्हणजे वळता येतं, थांबता येतं, तेवढंच. पोरगा नववीत, स्केटिंग केलेला, त्याला सगळं आजच्या आज पाहिजे. लेक आठ वर्षांची, बर्फ फक्त रसवंतीत बघितलेला. बायकोनं सांगून ठेवलेलं की मी एक दिवस शिकून बघीन, नाही जमलं तर आग्रह करायचा नाही. आणि आई, ६८ वर्षं, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू, पण "मला बी बर्फ बघायचाय की रे" म्हणाली, मग तिला ठेवून जायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्यांदा मी आणि भाऊ मिळून उतार किती मोठे, लिफ्ट किती उंच जाते असलंच बघत बसलेलो. दोन आठवडे त्यातच गेले आणि काही ठरेना. मग बायको म्हणाली, तुम्ही दोघं कुठंही खूश असाल, आई आणि लेक सकाळी दहा ते दुपारी चार काय करणार ते सांगा. त्या दिवशी रात्रीच ठरलं.

उत्तराखंडातलं औली माझ्या मनात होतं, तिथला उतार मोकळा, शिकणाऱ्याला चांगला, समोर नंदादेवी दिसते आणि गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. कॉलेजची पोरं असतील तर मी आजही तिथंच पाठवीन. पण ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंत जवळपास २५० किलोमीटर घाटाचा रस्ता, दिवस मोडतो, लेकीला तर आमच्या तुळजापूरच्या घाटातच उलटी होते. शिवाय जानेवारी २०२३ ला जोशीमठला जमीन खचली तेव्हा तिथून वर जाणारा रोपवे बंद केला, त्यामुळं आईला सुखानं वर नेणारी गोष्टच राहिली नाही. सोलंग व्हॅली मनालीपासून जवळ, बर्फात खेळायला छान, पण भावासारख्याला दुसऱ्या दिवशी तिथं काय करायचं हा प्रश्न पडतो.

गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे आणि तिथं एक सोय अशी की शिकायचे सोपे उतार खालीच, हॉटेलांच्या जवळ, आणि तिथूनच गंडोला, म्हणजे तारेवरचा बंद पाळणा, वर जातो. त्याचा पहिला टप्पा, फेज वन, कोंगडुरीपर्यंत, ३,००० मीटरच्या थोडं वर. तिथून फेज टू अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० च्या वर. म्हणजे लेक खाली, मी मधे, भाऊ वर, आणि जेवायला सगळे एकत्र. स्की न करणारा माणूस पण तिकीट काढून फेज वनला बसून वर जातो आणि बसूनच खाली येतो. आईनं हेच केलं. पाळण्यात सहा माणसं बसतात, वर टपऱ्या आहेत, उन्हात खुर्च्या टाकलेल्या असतात, तिथं घरून नेलेली सोलापुरी चादर मांडीवर घेऊन कहवा पीत दोन तास बसली.

जायचं म्हणाल तर आम्ही गाडीनं पुणे, तिथून दिल्ली मार्गे श्रीनगर. श्रीनगर ते गुलमर्ग ५० किलोमीटरच्या आसपास, पण शेवटचे १३ किलोमीटर टंगमर्गपासून चढ आणि बर्फ पडलेला असला की चाकांना साखळ्या लावलेली गाडीच वर जाते, तिथं गाडी बदलायची तयारी ठेवा आणि भाडं बसायच्या आधी ठरवा. एक फार महत्त्वाचं, आपलं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, पोस्टपेडच चालतं. आमच्याकडं एकच पोस्टपेड होतं आणि चौघे चार उतारांवर, मग दर दीड वाजता एकाच टपरीसमोर भेटायचं असं ठरवून टाकलं. तुम्ही किमान दोन नंबर पोस्टपेड करून जा.

आता बुटांचं. पहिल्या दिवशी एका दुकानातून स्की, पोल, बूट भाड्यानं घेतले, गर्दी होती, लेकीला दोन नंबर मोठा बूट दिला आणि वर दोन मोजे घाला म्हणाले. मी ऐकलं, तिथंच चुकलो. बुटात पाय हलला की स्की वळतच नाही, पोरगी तासभर पडत राहिली आणि रडून म्हणाली मला घरी जायचंय. दुसऱ्या दिवशी दुकान बदललं, पातळ एकच मोजा, टाच जागची हलत नाही बघून बूट घेतला, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) तिच्या वजनाप्रमाणं समोर सेट करून घेतलं आणि तीच पोरगी दुपारपर्यंत एकटी खाली येऊन थांबायला लागली. हेल्मेट मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत.

शिकवणारा पोरांना वेगळा घ्या, आई-बापानं शिकवायच्या भानगडीत पडू नका. आमचा शिकवणारा कश्मिरी, आपल्या सोलापुरी हिंदीत त्याच्याशी मस्त जमलं, लेकीला सारखं "पिझ्झा बनाओ, पिझ्झा" म्हणायचा, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागं रुंद, की वेग कमी होतो. परवान्याचं कार्ड बघून आणि तासाचे पैसे ठरवूनच घ्या. बायकोला त्यानं एका दिवसात सपाटीवर उभं केलं, दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून आली.

पोराचं मात्र ऐकू नका. दोन दिवसात तो सोप्या उतारावर सरळ सुसाट यायला लागला आणि काकाबरोबर फेज टूला जायचा हट्ट धरला. मी नाही म्हणालो आणि भावानं पण साथ दिली. वरचा डोंगर साफ केलेला उतार नाही, मोकळा बर्फ आहे, हिमस्खलन होतं, फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथं एका रशियन स्कीयरचा जीव गेलाय. भाऊ स्वतः गाइड घेऊन, बीकन (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं सिग्नल यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) सोबत घेऊन, त्या दिवशीची हिमस्खलनाची सूचना बघून गेला आणि तिथल्या स्की गस्ती पथकानं उघडलेल्या भागातच राहिला. आईला पण डॉक्टरनं फेज टू नको सांगितलेलं, आपण ४५० मीटरवरची माणसं, एवढ्या उंचीवर एकदम दम लागतो. पहिला दिवस सगळ्यांनीच नुस्तं हिंडण्यात घालवा.

तारखांबद्दल, नाताळाच्या सुट्टीवर भरवसा ठेवू नका. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं आणि २०२५ ला बर्फ नाही म्हणून तिथले खेलो इंडियाचे हिवाळी सामने फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. जानेवारी अखेर ते फेब्रुवारी अखेर बरं, हॉटेल पैसे परत देणारंच बुक करा. गंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा, वाऱ्यानं तो बंद पण राहतो, म्हणून भावासारख्यांनी एक दिवस जास्तीचा धरावा. खोलीत इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का विचारा, आणि बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी) किंवा गॅस हीटर पेटवून खिडकी गच्च लावून झोपू नका, विषारी वायूनं गुदमरून माणसं जातात.

जॅकेट, पँट, गंबूट टंगमर्गला भाड्यानं मिळतात, सोलापुरात विकत घेऊन पैसे घालवू नका. घरून फक्त थर्मल, हातमोज्यांचे दोन जोड, गॉगल आणि शेंगा चटणी न्या. आम्ही कडक भाकरी पण नेलेली, दीड वाजता त्या टपरीसमोर आई चादरीतून डबा काढायची आणि शिकवणारा पण आमच्यात बसायचा. जाताना चटणीची उरलेली पुडी आईनं त्याच्याच हातात दिली.