३४ मिनिटांची कटोरी

माझ्याकडे शिवण शिकायला येणारी एक मुलगी गेल्या आठवड्यात काजं करता करता म्हणाली, "ताई, यूट्यूब आता कोण बघतं? संपलं ते." ती सहज बोलून गेली, पण मला ते लागलं. दोन दिवस मशीनवर बसले तरी तेच डोक्यात. माझ्या घरात आज जे काही माझ्या हातचं आहे, ते या यूट्यूबवरून आलेलं आहे. त्याला कुणी संपलं म्हटलं, तर मला नीट विचार करायलाच हवा.

२०१६ साली ५ सप्टेंबरला गणपती बसले आणि त्याच दिवशी जिओ सुरू झालं. तोपर्यंत मी बार्शीत घरी फक्त फॉल-पिको आणि परकर शिवायचे. ब्लाऊजला हात लावायची हिंमत नव्हती. क्लास लावायचा तर फी, आणि दुपारी धाकट्याला कुठे ठेवायचं हा प्रश्न. महिनाभरात मिस्टरांनी फोनमध्ये ते कार्ड घालून दिलं आणि मी रात्री भांडी झाल्यावर 'कटोरी ब्लाऊज कटिंग मराठी' असं लिहून शोधलं. त्या रात्री मला एक बाई सापडल्या.

त्यांचा चेहरा मी आजवर पाहिलेला नाही. दिसतात फक्त हात, हिरव्या बांगड्या आणि खाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद. बोली नगरकडची वाटते. मध्ये कुकरची शिट्टी होते, त्या उठून जातात, परत येतात आणि "हं, कुठं होतो आपण" म्हणतात. व्हिडिओ ३४ मिनिटांचा. कटोरी, म्हणजे ब्लाऊजचा छातीवरचा गोल भाग, उरेब, म्हणजे कापडावर तिरकी, का कापायची, सरळ कापली तर छातीवर का चढते, दोन कटोऱ्या समोरासमोर ठेवून कापल्या नाहीत तर दोन्ही डाव्याच कशा होतात, हे त्यांनी कापडाचं टोक ओढून ओढून दाखवलं. मी तो व्हिडिओ थांबवत थांबवत चार रात्री पाहिला. पहिले सहा ब्लाऊज कागदाचे कापले, सातवा जुन्या चादरीचा, आठवा माझा स्वतःचा. पुढच्या संक्रांतीला पहिलं गिऱ्हाईक आलं.

म्हणून मुलगी संपलं म्हणाली तेव्हा मी पुण्याला शिकणाऱ्या पुतण्याला फोन केला. त्याला या विषयात फार रस. तो म्हणाला, "काकू, संपलं कसलं? गूगलनं २००६ मध्ये १६५ कोटी डॉलरला घेतलेली वस्तू आहे ती. २०२४ मध्ये नुसत्या जाहिरातींतून ३,६०० कोटी डॉलरच्या वर आले. रोज सरासरी दोन कोटी व्हिडिओ चढतात." मग त्यानं मुंबईचं सांगितलं. २०२५ च्या मे महिन्यात तिथे सरकारची वेव्हज परिषद झाली, त्यात यूट्यूबचे प्रमुख नील मोहन म्हणाले की गेल्या तीन वर्षांत भारतातल्या व्हिडिओ करणाऱ्यांना आणि कंपन्यांना मिळून २१ हजार कोटी रुपयांवर दिले. अमेरिकेत तर लोक घरच्या टीव्हीवर सगळ्यात जास्त वेळ यूट्यूबच बघतात, नेटफ्लिक्ससुद्धा मागे.

हे मला खोटं वाटत नाही. आमच्या घरातही टीव्हीवर आता दुसरं काही लागत नाही. सासूबाई संध्याकाळी कीर्तन लावतात ते यूट्यूबवरच.

पण पुतण्याचे आकडे खरे, तरी त्या मुलीचं बोलणं मला खोटं ठरवता येईना. ती काही उगाच बोलत नव्हती. मी तिला म्हटलं, तू प्रिन्सेस कट ब्लाऊज शोधून दाखव. तिनं माझ्यासमोर शोधलं. वर आले ते उभे छोटे व्हिडिओ. कापड उडतं, गाणं वाजतं, आणि चाळीस सेकंदांत बाई ब्लाऊज घालून उभी. मुंढा किती घेतला, टक्स कुठून सुरू केला, अस्तर आधी जोडलं की नंतर, काहीच नाही. त्याखाली मोठे व्हिडिओ होते, पण अंगठ्यानं दोन-तीन वेळा सरकवल्यावर. आजची नवी मुलगी तिथवर पोचतच नाही. ती चार छोटे बघते आणि म्हणते, यूट्यूबवर काही शिकवत नाहीत.

हे छोटे व्हिडिओ कुठून आले तेही मला आठवतं. २०२० च्या जून अखेरीस टिकटॉक बंद झालं. तेव्हा मी दिवसाला चाळीस मास्क शिवत होते, तीन चुण्यांचे, तेही यूट्यूबवर बघूनच शिकलेले. सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे हे छोटे व्हिडिओ, म्हणजे शॉर्ट्स आले, जगात सगळ्यात आधी आपल्याकडे. आधी ते जास्तीत जास्त एक मिनिटाचे असत, २०२४ च्या ऑक्टोबरपासून तीन मिनिटांपर्यंत करता येतात. मी हे पुतण्याला सांगितलं तर तो हसून म्हणाला, "काकू, यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओच १९ सेकंदांचा आहे. २३ एप्रिल २००५. जावेद करीम नावाचा माणूस प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून बोलतो, बस."

मी म्हटलं, हत्तीची सोंड लांब असते हे १९ सेकंदांत सांगता येतं रे. कटोरी नाही सांगता येत.

आणखी एक गोष्ट त्यानंच सांगितली, ती मात्र महत्त्वाची आहे. २०२५ च्या मार्च अखेरीपासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी एक व्ह्यू धरतात. कुणी अर्ध्या सेकंदात पुढे सरकवला तरी. मी गिऱ्हाइकाचं माप घेते तेव्हा स्वेटर काढायला लावते. स्वेटरवरून टेप फिरवला तर छाती चाळीस भरेल, पण त्या मापाचा ब्लाऊज त्या बाईला बसणार नाही.

मोठ्या व्हिडिओंचंही सगळं चांगलं आहे असं नाही. २०२० च्या जुलैपासून आठ मिनिटांच्या व्हिडिओत मध्ये जाहिराती घालता येतात, आधी त्याला दहा मिनिटं लागायची. तेव्हापासून चार मिनिटांत सांगून होणारी गोष्ट नेमकी आठ मिनिटं आणि काही सेकंदांची झालेली मी पाहते. पायपिंगसाठी उरेब पट्टी कशी कापायची एवढंच सांगायचं असतं, पण आधी दीड मिनिट 'आज मी तुम्हाला असं सीक्रेट सांगणार आहे'. त्या बायकांवर माझा राग नाही. त्यांनाही घर चालवायचं आहे. पण सुई-दोऱ्याच्या कामात सीक्रेट नसतं, माप असतं.

आता सगळ्यात दुखऱ्या गोष्टीकडे येते.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये यूट्यूबनं नापसंतीचा आकडा लपवला. खाली वळलेला अंगठा राहिला, पण किती जणांनी दाबला ते दिसेना. छोट्या चॅनेलवर मुद्दाम टोळीनं येऊन नापसंती देतात, त्यांना त्रास होतो, म्हणून केलं असं कारण दिलं. गाणं म्हणणाऱ्याच्या, विनोद करणाऱ्याच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे. पण आमच्या कामात तो आकडा म्हणजे रस्त्यावरची 'पुढे खड्डा आहे' ही पाटी होती. चारशे अंगठे वर आणि तीनशे खाली दिसले की मी तो व्हिडिओ तिथेच बंद करायचे. माझ्या आधी तीनशे बायकांनी कापड कापून बघितलेलं असायचं.

तो आकडा गेल्यावर वर्षभरानं लग्नसराईत एक गिऱ्हाईक पैठणी घेऊन आलं. साडीतलाच ब्लाऊजपीस, बाहीला एकच काठ. मागचा गळा नऊ इंच खोल हवा होता. इतका खोल गळा मी आधी कापला नव्हता. एका नव्या चॅनेलवर पाहिलं, चित्र सुंदर, बोलणं गोड, व्ह्यू भरपूर. गळा खोल गेला की खांदा कमी घ्यावा लागतो, नाहीतर ब्लाऊज दोन्हीकडून घसरतो, हे त्या व्हिडिओत सांगितलंच नव्हतं. मी तसाच कापला. फिटिंगला घातल्याबरोबर दोन्ही खांदे उतरले. ते कापड बाजारात दुसरं मिळणारं नव्हतं. मी मागे नाडी लावली, लटकन लावले, खांद्याला आतून चूण घातली. त्या बाई चांगल्या, काही बोलल्या नाहीत, नाडी आवडली असंही म्हणाल्या. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. नंतर त्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया पूर्ण वाचल्या. पाऊणशे 'खूप छान ताई' ओलांडल्यावर एका बाईनं लिहिलेलं सापडलं : 'खांदा उतरतो, कापू नका.' तिचं वाक्य वर असायला हवं होतं.

आता मी आधी प्रतिक्रिया वाचते, सगळ्यात नव्या आधी लावून. आणि मुलींनाही तेच करायला लावते. कापडाला कात्री लागली की परत येत नाही.

तर यूट्यूब संपलं का? मला वाटतं, करमणूक करायला बसणाऱ्यासाठी ते कधी नव्हतं इतकं भरलेलं आहे. प्रश्न घेऊन येणाऱ्यासाठी मात्र ते मागे चाललंय. पूर्वी दार उघडलं की समोर शिकवणारी बसलेली असायची. आता ती त्याच घरात आहे, पण मागच्या खोलीत, आणि पुढे एवढी गर्दी की नव्या माणसाला मागे खोली आहे हेच कळत नाही. इन्स्टाग्रामवर गेल्यानं यावर उपाय होत नाही, तिथे मागची खोलीच नाही. माझं मन म्हणूनच अजून यूट्यूबवर आहे. मला ते सुधारावं असं फार वाटतं. तो एक आकडा परत दाखवला तरी माझ्यासारख्या किती जणींचं कापड वाचेल.

मधे एकदा बातमी आली होती की दोन वर्षं न उघडलेली गूगलची खाती बंद करणार. २०२३ चा मे महिना होता. माझ्या पोटात गोळा आला, कारण हिरव्या बांगड्यांच्या बाईंनी २०१८ नंतर काहीच टाकलेलं नाही. नंतर कळलं की ज्या खात्यांवर यूट्यूबचे व्हिडिओ आहेत ती काढायचा विचार नाही. तरी मी त्या दिवशी त्यांचे सगळे एकोणीस व्हिडिओ वहीत लिहून काढले, माप, आकृत्या, त्यांची वाक्यंसुद्धा. वही शिवणयंत्राच्या खणात आहे.

परवा ती मुलगी आली तेव्हा तिला खाली सतरंजीवर बसवलं, फोन उभा केला आणि तो ३४ मिनिटांचा व्हिडिओ लावला. पहिली पाच मिनिटं तिची चुळबुळ चालली होती. दोनदा तिनं पुढे ढकलायला बोट नेलं, मी धरलं. मग बाईंनी कापडाचं टोक ओढून उरेब दाखवला, तेव्हा तिनं आपली ओढणी घेतली आणि तशीच तिरकी ओढून पाहिली. कुकरची शिट्टी झाली, बाई उठून गेल्या, पडद्यावर नुसता कागद राहिला. ती म्हणाली, "ताई, थांबवा, तोवर मी पेपर आणते."