पहार मुठीपर्यंत आत गेली

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आली होती. गोव्यातल्या माशेलमधलं जुनं घर: मातीत बांधलेले चिरे, वर मंगळुरी कौलं. आजींचं म्हणणं एवढंच, "गणपतीच्या खोलीत जमीन बसलीय रे. भर घालून लाद्या नीट कर. माटोळी बांधायला शिडी लावली की डुगडुगते." माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळंभाज्या टांगायची चौकट.

मीही एका दिवसाचं काम म्हणून होकार देऊन बसलो. खरं तर कोपऱ्यातली भेग बघूनच शहाणं व्हायला हवं होतं. चिऱ्यांच्या सांध्यांतून ती पायऱ्यापायऱ्यांनी वर गेली होती. आधी कोणीतरी दोनदा सिमेंट लिंपलं होतं, आणि दोन्ही लेप तिथेच तडकले होते.

लादी काढून गवंड्याने पहार मारली, ती मुठीपर्यंत आत गेली. तो दचकून मागेच सरला. बॅटरी मारली तर खाली दीड फूट पोकळी, न्हाणीकडे पसरत गेलेली. वरचा चुन्याचा कोबा नुसता अधांतरी. दरवर्षी इथेच चौरंग मांडतात म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

मागच्या संडासाचा पाइप याच कोपऱ्याखालून जात होता. तो गळतोय का बघायला शिगम्याचा उरलेला गुलाल बादलीत कालवून संडासात ओतला. पुढच्या चेंबरात फिकट गुलाबी पाण्याची बारीक धार आली, बाकीचं जमिनीने प्यायलं. विहीर चढाच्या बाजूला होती, हे नशीब.

खणल्यावर जुने भाजलेल्या मातीचे पाइप निघाले. दर दोन फुटांवर सांधा, सांध्यातलं सिमेंट फुटलेलं आणि त्यातून माडाची मुळं आत शिरलेली. एका तुकड्यात तर मुळांचा झुबका इतका गच्च की काथ्याची दोरी भरून ठेवल्यासारखा. तुंबलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडायचं आणि चिऱ्याखालची मऊ माती थोडीथोडी घेऊन जायचं. वर भेग लिंपून काय होणार?

भिंतीला टेकू दिले. भिंतीच्या पायाखालची जागा एका वेळी एक मीटरच उघडायची, काँक्रीट भरायचं, ते धरलं की एक सोडून पुढची. पोकळीत सैल माती ढकलायला मी साफ नकार दिला. पहिल्या पाण्याला ती पुन्हा बसते. मग वाळूच्या गादीवर ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, वीस फुटांना सहा इंच उतार. दोनदा ताडपत्री उडाली, चर भरला, पंप लावून उपसला.

भेगेवर काचेची पट्टी चिकटवून पेन्सिलीने तारीख घातली. भिंत हलली तर काच आधी फुटणार.

चवथीला जेवायला बोलावलं होतं. माटोळीखालून वाकून मी सरळ कोपऱ्यात गेलो. काच अखंड होती.

"आधी देवाच्या पाया पड रे," आजी म्हणाल्या, "भिंत कुठे पळून जात नाही."