भागाकारातलं गळलेलं शून्य

माझी मुलगी पाचवीत आहे. पाढे तोंडपाठ, गुणाकार पक्का, पण भागाकारात मधलं शून्य हमखास गाळायची. 824 भागिले 8 दिलं की उत्तर 13. आठ एके आठ, मग 2 खाली घेतले, भाग गेला नाही, म्हणून लगेच 4 पण खाली घेतले, आठ त्रिक चोवीस. पाढा कुठेच चुकलेला नसायचा. ‘भाग जात नसेल तर वर शून्य लिहायचं’ हा नियम तिला सांगता यायचा, पण तो का आहे हे कळल्याशिवाय असा नियम टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग खेळातले पैसे काढले. शंभराच्या आठ नोटा, दहाच्या दोन, रुपयाची चार नाणी आणि समोर आठ वाट्या. शंभराची एकेक नोट प्रत्येक वाटीत पडली. दहाच्या दोन नोटा हातात धरून ती थांबली.

“आई, या आठ जणांना कशा वाटू?”

“मग दहाच्या नोटा प्रत्येकाला किती मिळाल्या?”

“एकही नाही.”

तेच दशकाच्या घरातलं शून्य. दोन्ही नोटा मोडून वीस नाणी घेतली, आधीची चार मिळून चोवीस, प्रत्येक वाटीत तीन. एक वाटी उचलून तिने स्वतःच मोजली: एकशे तीन.

दोन अंकी भाजकाला मात्र नोटा पुरत नाहीत. 5239 भागिले 17 ला पुन्हा तेच झालं: भागाकार 38, बाकी 3. आजोबांनी तिला अंकांच्या बेरजेचा ताळा शिकवला होता. तो तिने घेतला. 17 चे 8, 38 ची बेरीज 11 म्हणजे 2, गुणाकार 16 म्हणजे 7, त्यात बाकी 3 मिळवली की 10 म्हणजे 1. इकडे 5239 चाही 1. ताळा जुळला आणि उत्तर तर चुकीचं! खरं उत्तर 308. शून्याने बेरीज बदलतच नाही, त्यामुळे नेमकी हीच चूक त्या ताळ्यातून निसटते. मला तो ताळा आवडतो, पण इथे पूर्ण गुणाकारच करायला हवा. 17 गुणिले 38 म्हणजे 646, त्यात 3 मिळवले तर 649. पाच हजारांच्या जवळपासही नाही.

तेव्हापासून आधी अंदाज. 17 चे 300 पट 5100, म्हणजे उत्तर तीनशेच्या थोडं वर. ती आता वर तीन रेघा आखून घेते. सतरा त्रिक एक्कावन्न, उरला 1, 3 खाली घेतले की 13, भाग जात नाही, दुसऱ्या रेघेवर शून्य. मग 139 ला सतरा आठे छत्तीसासे, बाकी 3. रेघ रिकामी राहिली तर तिला लगेच दिसते.

बाकीचा प्रश्न शाब्दिक उदाहरणांत आला. 53 मुलं, एका गाडीत 6, तर गाड्या किती? भागाकार 8, बाकी 5, आणि तिने 8 लिहिलं. “त्या पाच जणांना घरी ठेवायचं?” असं विचारल्यावर 9 केलं. पुढचं उदाहरण 53 लाडवांचं, एका डब्यात 6, भरलेले डबे किती. तिथे तिने 8 च ठेवलं.