तापमापीवर 52, रिकाम्या गोण्या 14

मर्सरायझिंगला, म्हणजे सुती कापड चकाकावं आणि त्याने रंग जास्त धरावा म्हणून करतात त्या प्रक्रियेला, कॉस्टिकची (सोडियम हायड्रॉक्साइडची) लाय, म्हणजे पाण्यातलं द्रावण, लागते. ती आमच्याकडे एरवी टँकरनेच येते. साधारण निम्मं पाणी, निम्मं कॉस्टिक. पाइप जोडला, पंप चालू केला की झालं. त्या दिवशी टँकर वाटेतच अडकला. यंत्रावर कापड चढवून ठेवलेलं होतं, म्हणून गोदामातल्या फ्लेक्सच्या, म्हणजे कोरड्या कॉस्टिकच्या पापुद्र्यांच्या, गोण्या काढून लाय इथेच बनवायची ठरली.

फ्लेक्स गोदामवाल्यांचे लाडके. 98 टक्क्यांच्या पुढे शुद्ध, म्हणजे पाण्याचं भाडं भरावं लागत नाही. 50 टक्क्यांची लाय 12 अंशांच्या आसपास गोठायला लागते, फ्लेक्सना ती भीती नाही. पांढऱ्या पातळ पापुद्र्यांची 25 किलोची गोणी थप्पीत निमूट पडून राहते. पण तोंड नीट बांधलेलं असेल तरच. आतली प्लास्टिकची पिशवी कुठे फाटली, की हे पापुद्रे हवेतला ओलावा ओढून घेतात, आधी चिकट होतात, मग एकमेकांना धरून दगड बनतात. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू सोडियम कार्बोनेट होत जातं ते वेगळंच. आमच्या थप्पीतल्या खालच्या काही गोण्या अशाच दगडावलेल्या होत्या. त्या जमिनीवर आपटून फोडल्या, तरी आत नारळाएवढे गोळे राहिलेच.

हिशोब सोपा होता. टाकीत 1,500 लिटर पाणी, त्यात 18 गोण्या, म्हणजे 450 किलो. लाय सुमारे 23 टक्क्यांची होते, ट्वाडलमध्ये, म्हणजे द्रावणाची घनता मोजायच्या मापात, 50 च्या जवळपास. मर्सरायझिंगला एवढी ताकद लागतेच. ही प्रक्रिया ज्याच्या नावाने चालते त्या जॉन मर्सरला 1844 मध्ये ती जवळजवळ अपघातानेच गवसली. कॉस्टिकचं द्रावण सुती कापडातून गाळताना कापड आटलं, जाड झालं आणि रंग जास्त धरू लागलं. 1850 मध्ये त्याने पेटंट घेतलं. पण ज्या झळाळीसाठी आज मर्सराइज्ड कापड ओळखलं जातं, ती त्याच्या हाती लागली नव्हती. कापड ताणून धरलं तर चकाकी येते, हे होरेस लो याने 1890 च्या सुमारास दाखवलं.

आता हिशोबातला दुसरा भाग, जो बहुतेक जण करतच नाहीत. एक किलो फ्लेक्स पाण्यात विरघळताना सुमारे 1,000 किलोज्यूल उष्णता सोडतात. तेवढ्यात तीन लिटर साधं पाणी उकळीला येतं. आमच्या 450 किलोंचा हिशोब केला, तर 30 अंशांवरची टाकी 90 च्या पुढे जाते. म्हणून नियम असा की आधी पाणी, मग फ्लेक्स, उलट कधीच नाही. स्टरर (टाकी ढवळणारं पातं) चालू, टाकीभोवतीच्या जॅकेटमध्ये, म्हणजे बाहेरच्या पोकळ आवरणात, थंड पाणी, आणि प्रत्येक गोणीनंतर तापमापी बघून मगच पुढची.

मी प्रयोगशाळेत टायट्रेशनची (लायची ताकद मोजायच्या चाचणीची) तयारी करून परत प्लॅटफॉर्मवर चढलो, तेव्हा मदतनीस पोरगा गोणी रिकामी करत होता. नवाच होता, पण कामाला वाघ. गॉगल, त्यावर फेसशिल्ड, प्लास्टिकचा ॲप्रन, रबरी हातमोजे, गमबूट, सगळं अंगावर. पँट बुटाच्या बाहेर सोडलेली, तेही बरोबर. बुटात खोचली की उडालेलं सगळं आतच जातं, हे जुन्या माणसांनाही दर वेळी सांगावं लागतं. मी सवयीने रिकाम्या गोण्या मोजल्या. चौदा. मग तापमापी पाहिली. 52.

एवढ्या मालावर, जॅकेटचं पाणी धरूनसुद्धा, टाकी 70 च्या वर असायला हवी होती. उष्णता कुठे पळून जात नाही. 52 दिसतंय याचा अर्थ माल विरघळलेलाच नाही. मग लक्षात आलं की पायाखालची नेहमीची थरथर जाणवत नाहीये.

"स्टरर कधी बंद पडला?"

"बंद आहे? मला वाटलं, चालूच आहे, सर." शेजारच्या काँप्रेसरच्या आवाजात आणि वाफेने धुरकटलेल्या फेसशिल्डमधून त्याला कळणार तरी कसं? पाचव्या गोणीच्या आसपास एखादा गोळा पात्यात अडकून मोटर ट्रिप झाली असावी, कारण पाच गोण्यांना 52 बरोबर जुळतं. पुढच्या नऊ गोण्या सरळ तळाशी जाऊन बसल्या होत्या.

तेवढ्यात खालून आमचे मिस्त्री पॅनेलजवळ पोचलेले. मोटर ट्रिप करणारा ओव्हरलोड रिले रिसेट करून बोट हिरव्या बटणावर. "लावू का?"

मी एवढ्या जोरात "नको!" ओरडलो की तेच दचकले.

तळाशी काय चाललं होतं ते डोळ्यांना दिसत नव्हतं, पण अंदाज बांधता येत होता. सव्वादोनशे किलो कॉस्टिक स्वतःभोवतीच्या थोड्याशा पाण्यात विरघळत होतं. असं दाट द्रावण जड असतं, ते वर येत नाही. आणि दाट कॉस्टिक 100 अंशांना उकळतही नाही. 50 टक्क्यांच्या लायचा उत्कलनबिंदू 140 च्या आसपास आहे. म्हणजे खालचा थर 100 च्या वर जाऊनही गप्प बसू शकतो. त्यावर 52 अंशांचं पातळ द्रावण. स्टररने हे दोन थर एका झटक्यात मिसळले असते, न विरघळलेला माल उरलेली उष्णता तिथल्या तिथे सोडता, आणि वरच्या पाण्याची जागोजागी वाफ होऊन टाकीतली लाय झाकणातून प्लॅटफॉर्मवर आली असती. तिथे तो पोरगा उभा होता.

सगळ्यांना खाली उतरवलं. इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन लांबूनच टाकीचं जॅकेटबाहेर उघडं असलेलं अंग तपासलं. मधल्या पट्ट्यात 51, तळाजवळ 108. हे दोन आकडे पाहिल्यावर मिस्त्रींनी स्वतःहून मेन स्विच पाडला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

कुणीतरी उत्साहाने जस्ताचा मुलामा दिलेली बादली घेऊन आला, "वरचं थोडं उपसून काढूया का?" म्हणत. कॉस्टिक जस्ताला खातं, ॲल्युमिनियमला तर फारच झपाट्याने, आणि दोन्हींतून हायड्रोजन निघतो. बादली परत पाठवली. साध्या तापमानाला लोखंडी टाकी चालते. पण गरम आणि दाट कॉस्टिक पोलादाच्या वेल्डिंगला आतून तडे पाडू शकतं, त्यामुळे तळाला 108 दिसणं मला त्याही कारणाने आवडलेलं नव्हतं.

या गडबडीत पोरगा मनगट चोळताना दिसला. हातमोज्याच्या तोंडातून एक पापुद्रा आत गेला होता. "काही नाही सर, जरा बुळबुळीत लागतंय."

बुळबुळीत लागतंय म्हणजे कातडीवरच्या तेलाचा साबण व्हायला लागलाय. ॲसिड लगेच चावतं, माणूस हात झटकतो. कॉस्टिक आधी दुखत नाही, आत उतरत राहतं, आणि दुखायला लागेपर्यंत काम करून बसलेलं असतं. डोळ्यात गेलं तर याच स्वभावामुळे नजर जाते. हातमोजा काढायला लावला, चिकटलेला पापुद्रा झटकला आणि त्याला थेट शॉवरखाली उभं केलं. कुणीतरी व्हिनेगरची बाटली पुढे केली. कातडीवर कॉस्टिक आणि आम्लाची लढाई लावली की आणखी उष्णता निघते, आणि तेवढा वेळ धुण्यातून वाया जातो. फक्त पाणी, भरपूर पाणी. दहाव्या मिनिटाला त्याला वाटलं आता पुरे. मी त्याला अर्धा तास हलू दिलं नाही, मग डॉक्टरकडे पाठवलं.

टाकीचं काम मात्र कंटाळवाणं होतं. जॅकेटचं पाणी पूर्ण सोडून ठेवलं आणि वाट पाहिली. अधूनमधून आतून गुडगुड ऐकू यायची, व्हेंटमधून (वाफ बाहेर जायच्या नळीतून) धुक्यासारखा फवारा निघायचा, आणि सगळे आणखी दोन पावलं मागे सरकायचे. वरिष्ठांकडून दोन-तीनदा फोन आला, यंत्र कधी चालू होणार म्हणून. तळाचा आकडा 75 च्या खाली आल्यावर मिस्त्री पूर्ण सरंजामानिशी वर गेले आणि पुरवठा बंदच ठेवून कपलिंग (मोटर आणि स्टररचा दांडा जोडणारा सांधा) हाताने अर्धा फेरा फिरवून आले. पातं मोकळं होतं. मग सगळे खाली असताना नुसतं बटण दाबायचं आणि सोडायचं. एक झटका, थांबा. वरची तापमापी 49 वरून 53. पुन्हा झटका, 57. दर वेळी दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकत होते. दोघांत चार-पाच अंशांचा फरक उरला तेव्हा स्टरर सलग चालवला. टाकी 64 वर स्थिरावली.

उरलेल्या चार गोण्या एकेक करून, मिस्त्रींनी पॅनेलवरच्या दिव्याकडे डोळे लावलेले असताना टाकल्या. गोळे मात्र जाळीवर अडवले. त्यासाठी टाकीच्या तोंडावर लोखंडी जाळी तिथल्या तिथे बसवून घेतली; ती आधीच असायला हवी होती, हे लेखी कळवलं. थंड झाल्यावर नमुना काढला. हायड्रोमीटरवर 49 ट्वाडल. फिनॉल्फ्थॅलिन आणि मिथाइल ऑरेंज या रंग बदलणाऱ्या दर्शकांनी कार्बोनेटही तपासलं, दगडावलेल्या गोण्यांमुळे नेहमीपेक्षा जास्त होतं, पण मर्यादेत. रात्रपाळीने यंत्र चालू केलं, आणि टँकर पहाटे आला.