डॉनिंग्टन १९८८ : गर्दीत उभे राहून केलेले ध्वनिमुद्रण

२० ऑगस्ट १९८८ रोजी इंग्लंडमधील डॉनिंग्टन पार्क या मोटारशर्यतींच्या आवारात ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ हा महोत्सव भरला होता. हेलोवीन, गन्स एन रोझेस, मेगाडेथ, डेव्हिड ली रॉथ आणि किस यांचे कार्यक्रम झाल्यावर शेवटी आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड मंचावर आला. त्या रात्रीच्या मेडनच्या वादनाची दोन तऱ्हेची ध्वनिमुद्रणे आज ऐकता येतात. पहिले अधिकृत आहे. त्यातील काही भाग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘द क्लेअरव्हॉयंट’ या सिंगलवर (एका मुख्य गाण्याच्या छोट्या तबकडीवर) आला आणि पुढे २००२ साली ‘बीबीसी आर्काइव्हज’ या संचात आणखी काही गाणी प्रसिद्ध झाली. दुसरे ध्वनिमुद्रण गर्दीत उभ्या असलेल्या कोणा श्रोत्याने स्वतःच्या छोट्या यंत्रावर केलेले आहे. पहिले अधिक स्वच्छ आहे यात शंका नाही. तरीही त्या रात्रीविषयी काही जाणून घ्यायचे असेल तर मी दुसऱ्याकडेच वळतो, आणि ते का, हे येथे सविस्तर मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

नव्वदच्या दशकात सोलापुरात हेवी मेटलची अधिकृत कॅसेटसुद्धा सहजी मिळत नसे. नवी पेठेतील दुकानदाराला सांगून ती मुंबईहून मागवावी लागे. तेव्हा श्रोत्याने केलेले असे ध्वनिमुद्रण हाती येणे ही अपूर्वाईच होती. माझ्याकडे ते एका महाविद्यालयीन मित्राकडून आले. त्याच्या मोठ्या भावाने मुंबईत कोणाकडून तरी प्रत करून घेतली होती आणि तीही प्रतीची प्रत होती. कॅसेटवरून कॅसेटवर उतरवताना दर वेळी फितीची सरसर वाढत जाते आणि वरच्या पट्टीतील तपशील झिजत जातो. माझ्या प्रतीत तर झांजांचा आवाज कोणता आणि फितीचा कोणता हे सांगणे अवघड होते. पुढे इंटरनेट आल्यावर मूळ फितीच्या बरीच जवळची प्रत फ्लॅक (आवाजाचा तपशील न गमावणाऱ्या संगणकीय) स्वरूपात मिळाली आणि त्या ध्वनिमुद्रणात किती गोष्टी दडल्या होत्या हे तेव्हा कळले. आमचे घर पूर्व भागात असल्यामुळे शेजारचे यंत्रमाग थांबल्याशिवाय असे काही ऐकण्यात अर्थ नसतो. मागांच्या खडखडाटात खालच्या पट्टीतील स्वर पार बुडून जातात. म्हणून हे सगळे ऐकणे रात्रीचे आणि हेडफोनवरचे.

अधिकृत ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्याचा आवाज त्याच्यासमोरच्या मायक्रोफोनमधून थेट मिक्सरमध्ये, म्हणजे सर्व आवाज एकत्र जुळवणाऱ्या यंत्रात, गेलेला असतो. स्टीव्ह हॅरिसच्या बेसचा प्रत्येक ठोका तेथे सुटा ऐकू येतो. श्रोत्याच्या ध्वनिमुद्रणात मात्र तोच आवाज आधी ध्वनिक्षेपकांतून मैदानावर येतो, हवेतून प्रवास करतो आणि मग फितीवर उतरतो. त्या दिवशीची ध्वनियोजना गिनीज बुकमध्ये नोंद व्हावी इतकी प्रचंड होती : टर्बोसाउंड कंपनीचे ३६० कॅबिनेट (ध्वनिक्षेपकांच्या पेट्या) आणि ५२३ किलोवॅट शक्ती. ही संख्या कागदावर वाचून काही समजत नाही. ती समजते श्रोत्याच्या फितीवर, जेथे निको मॅकब्रेनच्या ड्रमचा मोठा ठोका पडताच छोट्या यंत्राची मर्यादा संपते आणि क्षणभर बाकी सर्व आवाज दबून पुन्हा वर येतात.

हवेचा परिणाम याहून अधिक लक्षपूर्वक ऐकण्यासारखा आहे. त्या दिवशी मैदानावर पाऊस, चिखल आणि वारा होता. मोकळ्या जागी वारा बदलला की वरच्या पट्टीतील आवाज वळतात, कधी श्रोत्याकडे येतात, कधी त्याच्या डोक्यावरून निघून जातात. त्यामुळे या ध्वनिमुद्रणात डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ यांच्या गिटारी मधूनच जवळ आल्यासारख्या आणि लगेच दूर गेल्यासारख्या वाटतात. अनेक संग्राहक याला दोष मानून अशा ध्वनिमुद्रणाची प्रतवारी खाली आणतात. मला हे मान्य नाही. मैदानात उभ्या असलेल्या माणसाने त्या रात्री जे ऐकले ते असेच हेलकावे खाणारे होते, आणि मिक्सरमधून निघालेल्या ध्वनिमुद्रणात त्याचा मागमूसही नाही.

सर्वांत समृद्ध भाग म्हणजे गर्दीचे गाणे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ध्वनिमुद्रण करणारा मैदानाच्या मध्यावर उभा आहे असे समजा. त्याच्यापुढे असलेले लोक मंचावरचा आवाज ऐकताक्षणी गातात आणि त्यांचे गाणे मंचाच्याच आवाजाबरोबर त्याच्यापर्यंत पोहोचते, म्हणून ते तालात वाटते. त्याच्या मागे ५० मीटरवर असलेल्यांना मात्र तो आवाज सुमारे ०.१५ सेकंद उशिरा मिळतो, आणि त्यांचे गाणे उलट त्याच्याकडे यायला आणखी तेवढाच वेळ लागतो. म्हणजे एकच ओळ पुढून वेळेवर आणि मागून जवळजवळ तृतीयांश सेकंद उशिरा येते. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतील उंच काठ्या, संमती कट्ट्याकडे निघाले असताना ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ हा गजर मिरवणुकीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाताना ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. हेडफोनवर हा मागून येणारा दुसरा थर ओळखता येऊ लागला की मैदानाची खोली कानाला कळू लागते. त्या दिवशी तेथे १ लाख ७ हजार लोक होते, असे नोंदलेले आहे. अधिकृत ध्वनिमुद्रणात ही गर्दी वाद्यांच्या मागे बेताने ठेवलेली असते. येथे ती चहूबाजूंनी असते.

या गर्दीविषयी लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. त्याच दिवशी दुपारी गन्स एन रोझेसच्या कार्यक्रमात मंचासमोरच्या चिखलात लोक एकमेकांवर कोसळले आणि दोन तरुण श्रोत्यांचा मृत्यू झाला. मेडनच्या वादकांना ही बातमी त्यांचे वादन संपल्यानंतर सांगण्यात आली. पुढच्या वर्षी येथे महोत्सव झाला नाही, आणि १९९० साली तो पुन्हा सुरू झाला तेव्हा प्रेक्षकसंख्येवर ७२,५०० ची मर्यादा घालण्यात आली होती. हे माहीत झाल्यापासून या ध्वनिमुद्रणातील आनंद मला आधीसारखा ऐकता येत नाही. गाणाऱ्या असंख्य लोकांना मैदानाच्या पुढच्या भागात काय घडून गेले होते याची कल्पनाही नसावी. फितीवर याचा एकही उल्लेख नाही, तरीही दुपारी त्याच चिखलात काय झाले हे ऐकणाऱ्याने लक्षात ठेवलेच पाहिजे असे मला वाटते.

ज्याने हे ध्वनिमुद्रण केले त्याच्या कष्टांचीही दखल घ्यायला हवी. ऐंशीच्या दशकात या कामासाठी सोनीचा टीसी-डी५एम किंवा वॉकमन प्रोफेशनल डब्ल्यूएम-डी६सी ही यंत्रे नावाजलेली होती. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपते. म्हणजे अंधारात, पावसात, धक्काबुक्कीत बाजू उलटणे आले, आणि मोठ्या कार्यक्रमात दुसरी कॅसेट घालणेही आले. माझ्याकडील प्रतीत बाजू उलटण्याची जागा दोन गाण्यांच्या मधल्या बोलण्यात आहे. गायक ब्रूस डिकिन्सनचे एक वाक्य तेवढे अर्धवट तुटते, गाणे मात्र एकही तुटत नाही. फीत कधी संपणार याचा हिशोब मनात ठेवून, आवडत्या बँडसमोर स्वतः तोंडातून चकार शब्द न काढता उभे राहणे सोपे नाही.

अशा ध्वनिमुद्रणावर संस्कार किती करावेत, याबद्दल माझे मत ठाम आहे. यंत्राची बॅटरी उतरू लागली की मुद्रण करताना फीत हळू फिरते आणि नंतर नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर सगळे किंचित चढ्या सुरात ऐकू येते. हे दुरुस्त करणे योग्यच आहे, कारण त्या चढ्या सुरात बँड वाजवत नव्हता आणि याच रात्रीचे अधिकृत ध्वनिमुद्रण सूर ताडून पाहण्यासाठी उपलब्ध आहे. परंतु संगणकावर सरसर काढून टाकण्याच्या नादात झांजांची शेपटी कापणे, जवळच्या माणसाची आरोळी पुसणे, गर्दी मागे ढकलणे हे मला नुकसान वाटते. एकदा पुसलेले परत येत नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. रागसंगीताच्या खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे रसिकांनी वर्षानुवर्षे जपली आहेत, आणि त्यांतील ‘वा!’, तानपुऱ्याची जवारी किंवा मध्येच झालेला कपबशीचा आवाज कोणी जाणकार पुसू देणार नाही. मेटलच्या ध्वनिफितींना तोच मान मिळावा एवढीच माझी इच्छा आहे. परवानगीचा प्रश्न आहेच. काही बँड अशा मुद्रणाला विरोध करतात. मेटालिका या बँडने मात्र आपल्या कार्यक्रमांत श्रोत्यांना मुद्रण करू दिले, आणि त्यांचे स्वतःचे १९८२ चे डेमो (नमुन्यादाखल केलेली मुद्रणे) कॅसेटच्या अशाच देवाणघेवाणीतून दूरवर पोहोचले होते. अशी फीत पैसे घेऊन विकू नये, हा संग्राहकांमधला जुना नियम मी पाळतो.

सोलापुरात त्या काळातल्या कॅसेट अजूनही कोणाच्या कपाटात असतील. त्या संगणकावर उतरवायच्या असल्यास आधी फीत एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून मोकळी करावी, वाजवणाऱ्या यंत्राच्या हेडचा (फीत वाचणाऱ्या भागाचा) कोन त्या विशिष्ट फितीशी जुळवून घ्यावा, कॅसेट डॉल्बी (फितीची सरसर कमी करणारी सोय) लावून मुद्रित झाली असेल तरच वाजवताना डॉल्बी लावावे आणि पहिली प्रत कोणताही संस्कार न करता २४ बिटमध्ये जतन करावी. कोणाकडून मिळाली, कितवी प्रत आहे, वेष्टनावर काय लिहिले आहे, हे सर्व त्याच फोल्डरमध्ये नोंदवून ठेवावे आणि मूळ कॅसेट टाकून देऊ नये.