दोन वाजता म्हणजे सकाळी आठला

ऐरोली-घणसोलीच्या साइटवर सुपरवायझर म्हणून तीस वर्षं उन्हात काढली. निवृत्तीनंतर केनियात, नाकुरूजवळच्या एका बालगृहाच्या बांधकामावर महिनाभर फुकट राबायला निघालो, तेव्हा आमची ही म्हणाली, "घरात एक खिळा ठोका म्हटलं की तुमची कंबर धरते!"

तिकडे गवंड्याला फुंडी म्हणतात. आमच्या फुंडीने सांगितलं, "म्झे, उद्या काँक्रीट. सा म्बिली." म्झे म्हणजे वडीलधारा माणूस. मोजा, म्बिली, टाटू हे आकडे मी पाठ केलेच होते. सा म्हणजे वाजता, म्बिली म्हणजे दोन. म्हटलं, जेवून जाऊ. पोचलो तर अर्ध्याहून जास्त खोलीत कोबा ओतून झालेला! स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. फुंडी पोट धरून हसला.

मग वाद ओतलेला कोबा पक्का व्हायला लागणाऱ्या पाण्याचा. मी सवयीने म्हणालो, वाफे बांधा, सात दिवस पाणी साठवा. त्याने वीस लिटरचे पिवळे कॅन दाखवले. पिण्याचं पाणीही त्यातूनच यायचं. शेवटी ओलं गोणपाट अंथरलं, वरून प्लास्टिक झाकलं, रोज दोनदा हात लावून ओल बघितली. कोब्याला एक तडा नाही. (माझ्या साइटवर असं केलं असतं तर मीच ओरडलो असतो.)

काल आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाणी मारायचा पाइप तसाच सोडून मजूर चहाला गेला होता. मी नळ बंद केला. वॉचमन म्हणतो, "काका, टँकरचंच आहे, वाहू द्या की."